समुद्र उजव्या हाताला

पूर्वी मुहूर्त साधला पण निघणे जमत नसले, तर प्रस्थान ठेवीत असत. उपरणे, सुपारी, मूठभर तांदूळ असे काहीतरी एका गाठोड्यात बांधून शेजारच्या घरी किंवा देवळात नेऊन ठेवायचे, की प्रवास शास्त्रतः सुरू झाला. माणूस मागाहून सवडीने निघत असे. आजचा सुशिक्षित वाचक या प्रथेकडे कौतुकाने किंवा उपहासाने पाहील. परंतु पाऊल घराबाहेर पडण्याच्या कितीतरी आधी माणूस प्रवासाला लागलेला असतो, ही जाण तिच्यात आहे आणि ती खोटी नाही. निघण्यापूर्वी मनाशी बांधलेला प्रवास आणि प्रत्यक्षात पदरी पडलेला प्रवास यांचे नाते फार सरळ नसते, हेही मराठी वाचकाला ठाऊक आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले ते बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल या हिशेबाने. ठरले होते यज्ञाचे. गाठ पडली १८५७ च्या रणधुमाळीशी. दक्षिणेचा हिशेब वाटेतच बुडाला, आणि ‘माझा प्रवास’ हे पुस्तक १९०७ साली मराठीला मिळाले.

दिल्लीत यमुनेपलीकडच्या एका सहनिवासात राहणाऱ्या निवृत्त मराठी प्राध्यापकांच्या घरी गेले काही महिने अशाच एका प्रवासाचा हिशेब चालू आहे. मुलगी आणि जावई फ्रान्समध्ये लियों शहरी असतात. जावई त्रिशूरकडचे, नात नऊ वर्षांची. शरद ऋतूतल्या शाळेच्या सुटीत आईवडिलांना बोलावून घ्यायचे, आणि सर्वांनी मिळून स्वतःच्या मोटारीने भूमध्य समुद्राचा किनारा मार्सेपासून जिनोआपर्यंत पाहायचा, असा मुलीचा बेत. आठ दिवस, पाच माणसे, एक गाडी. दर रविवारी दुपारी दूरध्वनीच्या पडद्यावर दोन्ही घरे समोरासमोर बसतात आणि बेत थोडा पुढे, थोडा मागे सरकतो.

प्राध्यापकांनी यासाठी नवी वही घातली आहे. प्रवासाची वही घालणे हा त्यांचा जुना परिपाठ. १९८३ साली त्यांनी पद्मिनी मोटारीने दिल्लीहून वेंगुर्ल्यापर्यंत कुटुंबाला नेले, त्या प्रवासाची वही अजून कपाटात आहे. ग्वाल्हेर, शिवपुरी, इंदूर, धुळे, नाशिक, पुणे, कोल्हापूर आणि मग आंबोलीचा घाट. दर टप्प्यापुढे अंतर, निघण्याची वेळ, पेट्रोल, मुक्काम, आणि शेवटी ‘सारथी’ असा एक रकाना. त्या रकान्यात प्रत्येक ओळीला एकच शब्द: ‘स्वतः’. गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातली असली तरी आराखड्याने मूळची इटलीची, त्यामुळे जिनोआकडे जाणे म्हणजे गाडीच्या माहेरी जाणे होय, असा विनोद प्राध्यापक हल्ली करतात. फियाटचे माहेर वास्तविक तुरीन. परंतु परतीची वाट तुरीनवरूनच असल्याने विनोद खपून जातो.

नकाशा टेबलावर पसरला की प्रथम शब्दाचीच मौज वाटू लागते. ‘भूमध्य’ हा आपण लॅटिनवरून बेतून घेतलेला शब्द. ज्यांनी तो घडवला त्यांच्या पृथ्वीचा मध्य तिथे होता. आपल्या ज्योतिषग्रंथांची मध्यरेखा लंकेहून निघून उज्जयिनी आणि कुरुक्षेत्रावरून मेरूला जाते. म्हणजे दिल्लीच्या माणसाला पृथ्वीचा मध्य शोधायला इतक्या दूर जाण्याचे कारण नव्हते. असो. मार्से ते जिनोआ हे अंतर द्रुतगती मार्गाने चारशे किलोमीटरच्या आसपास आहे. मनात आणले तर सकाळी निघून दुपारच्या चहाला पोहोचता येईल, आणि वाटेत समुद्र जवळजवळ दिसणार नाही. फ्रान्समधला मार्ग डोंगरांमागून जातो. सरहद्दीनंतरचा इटालियन मार्ग, ज्याला तिकडे ‘फुलांचा मार्ग’ म्हणतात, एका बोगद्यातून निघून पुलावर येतो आणि पुलावरून पुढच्या बोगद्यात शिरतो. समुद्र दिसतो तो डोळ्याची पापणी लवावी तसा. किनारा पाहायचा तर जुन्या, वळणावळणाच्या रस्त्याने जायला हवे, आणि मग चारशे किलोमीटरला आठ दिवसही अपुरे पडतात.

मार्सेच्या दक्षिणेला चुनखडीचे पांढरे कडे थेट पाण्यात उतरतात आणि त्यांच्यामध्ये समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या आत शिरलेल्या आहेत. कासी गावापासून ला सियोताकडे जाणारा कड्यावरचा रस्ता कॅप कनाईच्या माथ्यावरून जातो. तो कडा ३९४ मीटर उंच, सरळ समुद्रावर ओणवलेला. ला सियोता हे लुमिए बंधूंचे गाव. तिथल्या स्थानकात शिरणारी आगगाडी त्यांनी चित्रित केली, आणि ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात त्यांची चलच्चित्रे दाखवली गेली. पुढे तूलोंचे आरमारी बंदर, मग एस्तेरेलचे तांबडे डोंगर. जांभ्याच्या मुलखात वाढलेल्या माणसाला ते छायाचित्रातही ओळखीचे वाटतात, जरी तो दगड जांभा नव्हे, ज्वालामुखीचा आहे. या डोंगराच्या कडेने जाणारा रस्ता १९०३ साली मोटारींतून हिंडणाऱ्या हौशी लोकांसाठीच खुला झाला. केवळ पाहण्यासाठी बांधलेला रस्ता! आपल्याकडचे घाट आधी बैलांनी आणि लमाणांनी पाडले. मौज मागाहून आली.

नीसपासून मांतोंपर्यंत तर एकाच डोंगरावर तीन रस्ते आहेत: एक पाण्यालगत, एक मध्यावर, एक सुमारे पाचशे मीटर उंचीवर. वरचा नेपोलियनच्या काळातला, आणि त्याच्याही तळाशी रोमनांची वाट. त्यावरील ला तुर्बी गावात ऑगस्टसचे विजयस्मारक उभे आहे. दान्तेला पापक्षालनाच्या पर्वताचा चढ किती दुर्घट हे सांगायचे होते, तेव्हा त्याने याच ला तुर्बीपासून लेरिचीपर्यंतच्या उजाड कड्यांची उपमा शोधली. हे कडेही त्या चढापुढे सोपा जिना ठरतील, असे त्याचे म्हणणे. आज त्याच कड्यांवर जगातील अतिश्रीमंतांचे बंगले आहेत. रवीन्द्रनाथ १९३० साली जवळच्या कॅप मार्तें येथे मुक्कामाला होते, हे प्राध्यापकांनी वहीत तांबड्या शाईने लिहिले आहे आणि पुढे कंसात ‘वेळ असल्यास’.

एका कुटुंबात माणसे जितकी, तितके समुद्र असतात. नातीला पोहायचे आहे आणि पायाखाली वाळू हवी. नीसचा किनारा गोट्यांचा. वाळू इयेरला, सां राफाएलला, कानला. म्हणून एक मुक्काम त्या बाजूला. जावयांना मार्सेतील माझार्गची युद्धस्मशानभूमी पाहायची आहे. १९१४ च्या सप्टेंबरात हिंदी पलटणी मार्सेला उतरल्या, त्यांपैकी परत न गेलेल्या काहींच्या कबरी आणि नावे तिथे आहेत. मुलीला काहीच पाहायचे नाही. आठ दिवस कोणीही दूरध्वनी करू नये एवढीच तिची मागणी, आणि सगळ्यांत अवघड मागणी तीच.

प्राध्यापकांच्या पत्नी वेंगुर्ल्याच्या. शाळेत शिकवीत असल्याने शेजारीपाजारी त्यांना अजून नुसते ‘बाई’ म्हणतात. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नाही, नीसला पाणी जेमतेम वीतभर चढते-उतरते, हे नातीने त्यांना मोठ्या कौतुकाने सांगितले. त्यावर बाई म्हणाल्या, “ज्याला भरती नाही तो कसला गो समुद्र? ते तळे.” मात्र नीसला आणि जिनोआला चण्याच्या पिठात पाणी आणि ऑलिव्हचे तेल घालून, तांब्याच्या मोठ्या परातीत, लाकडाच्या भट्टीवर एक धिरडे भाजतात, हे कळल्यावर त्यांचे मत किंचित निवळले. वहीच्या कडेला त्यांनी ‘धिरडे’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले. मीठ ते लोक घालतात; तिखटाची त्यांना खात्री नव्हती.

प्राध्यापकांचे लक्ष मात्र वाटेवर नव्हते. दोन टोकांवर होते. जिनोआत १८०५ साली मॅझिनी जन्मला आणि तेथील स्ताल्येनो स्मशानभूमीत त्याची समाधी आहे. त्याचे मराठीतले रूप सावरकरांनी लंडनमध्ये सिद्ध केले आणि १९०७ साली ते प्रसिद्ध झाले. ‘माझा प्रवास’ ज्या वर्षी आले त्याच वर्षी. ही दोन पुस्तके एका वर्षाची आहेत, याकडे प्राध्यापक तीस वर्षे विद्यार्थ्यांचे लक्ष वेधीत आले. एक गद्य मागे पाहणारे, घरगुती, सांगीवांगीचे. दुसरे पुढे झेप घेणारे, व्यासपीठावरचे. मॅझिनीच्या प्रस्तावनेतील राजकारण त्यांना सगळेच मान्य होते असे नाही, आणि ते त्यांनी वर्गात कधी लपवलेही नाही. त्यांचा प्रश्न भाषेचा होता: इटलीतला माणूस इंग्रजीवाटे मराठीत येतो, त्यापूर्वी लाला लजपतराय त्याला १८९६ साली उर्दूत आणतात, त्याच्याही आधी बंगालीत योगेंद्रनाथ विद्याभूषण, एकच चरित्र तीन भाषांत तीन वेगळी कामे करते. भारतीय भाषांचा तौलनिक अभ्यास म्हणून जे पुष्कळदा बोलले जाते, त्याचे याहून नेटके उदाहरण शोधूनही मिळणे कठीण. आणि दुसरे टोक मार्से. ८ जुलै १९१० च्या सकाळी ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून उडी टाकून सावरकर याच बंदरात किनाऱ्याला लागले आणि काही क्षणांत पुन्हा पकडले गेले. त्यातून उपजलेला वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये इंग्रजांच्या बाजूने निकाली निघाला. पुस्तकातून बाहेर येऊन अनुवादक स्वतःच मूळ लेखकाच्या समुद्रात पडतो, हे प्राध्यापकांना वाङ्मयेतिहासातले एक विलक्षण दृश्य वाटे. म्हणून त्यांचा आग्रह होता की आधी जिनोआ, मग मार्से; आधी १९०७, मग १९१०. लियोंहून फ्रेजूसच्या जवळजवळ तेरा किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून आल्प्स ओलांडायचा, तुरीनवरून जिनोआला उतरायचे आणि किनाऱ्याने पश्चिमेकडे यायचे. वर्तुळच काढायचे तर कोणत्या बाजूने काढले यात जावयांनाही काही अडचण दिसली नाही.

अडचण निघाली ती विम्याच्या कागदावरून. गाडी चालवणाऱ्यांची नावे विम्यात नोंदवून घ्यावीत म्हणून मुलीने विचारले, “बाबा, तुमचेही नाव घालू ना? परवान्याची प्रत पाठवा, आणि तिथला आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या.” तो परवाना परिवहन कार्यालयात मिळतो, वर्षभर चालतो, आणि इटलीत भारतीय परवान्याबरोबर तो लागतोच. प्राध्यापक म्हणाले, पाठवतो. पुढच्या रविवारीही म्हणाले, पाठवतो. तिसऱ्या रविवारी त्यांनी फ्रान्समधल्या वेगमर्यादेची चर्चा काढली: कोरड्या दिवशी द्रुतगती मार्गावर १३०, पावसात ११०.

त्यांचे वय त्र्याहत्तर. पंचावन्न वर्षांनंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतो आणि सोबत वैद्यकीय दाखला द्यावा लागतो. तो दाखला आणायला ते एकटेच गेले होते आणि दाखल्याऐवजी डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली घेऊन आले. कोरडेपणासाठी आहे, असे त्यांनी घरी सांगितले. काचबिंदू हा मोतीबिंदूसारखा उघड वागणारा रोग नव्हे. तो समोरचे अक्षर पुसत नाही. वाचणाऱ्याला वाचू देतो आणि कडा खात येतो. जे गेले ते परत येत नाही. औषधाने उरलेले टिकवायचे. वाचनावर जगलेल्या माणसाला तो म्हणूनच बराच काळ फसवू शकतो.

बाईंना तो फसवू शकला नाही. डाव्या हाताचा पेला दोनदा लवंडला. रोजच्या दाराची चौकट खांद्याला लागू लागली. बाईंनी विचारले नाही. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात न विचारण्याचेही एक शास्त्र तयार होते, आणि त्याला प्रेम म्हणावे की भीड, हे बाहेरच्याने ठरवू नये. एके दिवशी वीजबिल शोधताना त्यांना दृष्टिक्षेत्राच्या तपासणीचा कागद सापडला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळे. कडेने काळे, मध्ये पांढरे. कागद त्यांनी होता तिथे ठेवला, आणि दुपारी प्राध्यापक झोपले असताना प्रवासाची नवी वही उघडली. आठ दिवसांचे टप्पे सुवाच्य अक्षरात मांडलेले होते. ‘सारथी’ हा रकाना पट्टीने आखलेला होता आणि वरपासून खालपर्यंत कोरा होता. बाईंनी पेन्सिल घेतली आणि क्रमाने लिहिले: लेक, जावई, लेक, जावई, लेक, जावई, लेक, जावई.

त्या संध्याकाळी वहीचा विषय निघाला नाही. दुसऱ्या सकाळी प्राध्यापकांनी त्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला, त्याला ‘शेजारी’ असे नाव दिले, आणि पहिल्या ओळीत ‘स्वतः’ लिहून खाली सात ओळी ‘कित्ता’ केले. रविवारी ते मुलीला म्हणाले, “विम्यात माझे नाव नको.” मुलीने आईकडे पाहिले, आणि नको तर नको म्हणाली. नात मात्र लहान, ती म्हणाली, “आजोबा, मग तुम्ही करणार काय?” त्यावर नकाशा सांगणार, असे उत्तर आले.

या उत्तराने एक व्यावहारिक प्रश्न उभा राहिला, आणि तो प्रथम जावयांच्या लक्षात आला. तिकडे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने जातात आणि सुकाणू डावीकडे असते. म्हणजे चालकाशेजारचा माणूस उजवीकडे बसतो. प्राध्यापक आयुष्यभर ज्या बाजूला बसून गाडी चालवीत आले तीच बाजू, फक्त समोर चाक नाही. जिनोआहून मार्सेकडे आले तर समुद्र डावीकडे, चालकापलीकडे आणि समोरून येणाऱ्या वाहनांच्या रांगेपलीकडे राहणार. मार्सेहून जिनोआकडे गेले तर तो थेट त्यांच्या खिडकीखाली. इतिहासाचा क्रम पश्चिमेकडे जात होता, समुद्र पूर्वेकडे बोलावीत होता.

प्राध्यापक क्रम सोडायला तयार नव्हते. खिडकीसाठी सनावळी उलटी करायची का, असे ते म्हणाले. त्यांना दया नको होती, आणि ही सोय दयेच्या फार जवळून जात होती. तेव्हा बाई बोलल्या, आणि डोळ्यांचे नावही न काढता बोलल्या. “अहो, परिक्रमेत नर्मदा कुठल्या हाताला ठेवतात? उजव्याच ना? मग समुद्राला डावी घालून कसे चालेल?” युक्तिवाद म्हणून यात फारसे काही नाही. जावयांनी लगेच दाखवून दिले की समुद्र उजवीकडे ठेवला तर आल्प्सला डावी पडते. परंतु प्रदक्षिणेपुढे सनावळी हरली; निदान तसे सर्वांनी मानले. आता आधी मार्से, शेवटी जिनोआ. माणूस पकडला जातो तिथून निघायचे आणि पुस्तक जन्मले त्या गावी थांबायचे. उलट्या क्रमालाही अर्थ असू शकतो, असे एक टिपण त्या आठवड्यात वहीत आले. बाईंना मात्र दुसरी काळजी आहे: उजवीकडे समुद्र म्हणजे उजवीकडे दरीही. म्हणून तिन्ही रस्त्यांतला मधला धरायचा, आणि ला तुर्बीला दान्तेसाठी एकदाच वर चढून यायचे, अशी तडजोड झाली आहे.

बाकीचे अजून अधांतरी आहे. शरदातली सुटी हाच तिकडे मोठ्या पावसाचा काळ. ऑक्टोबर २०२० च्या वादळाने नीसच्या मागच्या खोऱ्यांतले रस्ते वाहून नेले. जिनोआत नोव्हेंबर २०११ मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर २०१४ मध्ये पूर आले. वसंतातली सुटी घ्यावी तर पाणी पोहण्याजोगे ऊबदार नसते, आणि पुढच्या वसंताविषयी बोलताना घरात सगळे जरा थांबतात. जिनोआत शिरताना ज्या पुलावरून जायचे तो २०२० साली बांधून झालेला. त्या जागेचा जुना पूल १४ ऑगस्ट २०१८ रोजी कोसळला आणि ४३ माणसे गेली. नव्याचा आराखडा त्याच गावच्या रेन्झो पियानोंनी केला. जिनोआच्या जुन्या भागात परवानगीशिवाय गाडी नेता येत नाही, तेव्हा गाडी बाहेर ठेवून स्ताल्येनोपर्यंत बसने जायचे. तिथला चढ बाईंच्या गुडघ्यांना कितपत मानवेल, हे पाहावे लागेल. दिवाळीचा एखादा दिवस वाटेत आला तर भाड्याच्या खोलीबाहेर आकाशकंदील टांगता येईल का, हे विचारून ठेवण्याचे काम नातीकडे आहे, कारण घरमालकिणीशी फ्रेंचमध्ये तीच बोलणार.

व्हिसाचे कागद जमले आहेत. मागच्या रविवारी प्राध्यापकांनी नकाशावरील गावांची नावे मोठ्या अक्षरांत निराळ्या कागदांवर उतरवून काढली, रोजचा एक कागद, मांडीवर धरता येईल असा. बाईंनी धिरड्यापुढचे प्रश्नचिन्ह खोडले आणि खाली लिहिले: तिखट इथून नेणे.